दोन कोन, एक धूर

२६ जून, टॅमरॅक शिखर

वर येऊन पाच दिवस झाले, आज पहिल्यांदा वही उघडली. आधी लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण हात मोकळे नव्हते. टॅमरॅकचा मनोरा म्हणजे चार उंच लाकडी पायांवर उभी केलेली काचेची खोली. वारा सुटला की खोली हलते, आणि मी, सिग्ने हॉलवर्सन, वय छत्तीस, खालच्या गावात नववीला भूमिती शिकवणारी बाई, खाटेची कड धरून बसून राहते.

काम सोपं आहे असं सगळे म्हणतात. थोड्या थोड्या वेळाने चारी बाजूंना बघायचं. जंगलात कुठे धूर दिसला तर खोलीच्या मधोमध बसवलेल्या लोखंडी चकतीवरची फट धुराशी जुळवायची, कडेवरचा अंश वाचायचा आणि टेलिफोनवर वनखात्याच्या कचेरीत वॉल्ट प्रूइटला सांगायचा. पूर्वेला कॉपरहेड शिखरावर दुसरा मनोरा आहे, तिथला टेहळ्या आपला अंश सांगतो. वॉल्टच्या भिंतीवर मोठा नकाशा आहे. त्यात आम्हा दोघांच्या जागी खिळे, खिळ्यांना दोऱ्या. दोन्ही दोऱ्या ताणल्या की जिथे भेटतील तिथे आग. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की सगळा त्रिकोण ठरतो, हे मी बारा वर्षं फळ्यावर लिहिते आहे. त्याचा कुणाला उपयोग होतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

तिसरा मनोराही होता, विडो शिखरावर. यंदा तो बंद केला. आता विमानं फिरतात म्हणे.

कॉपरहेडवर ऑरिन मॅडॉक असतात, गेली एकतीस वर्षं. वॉल्ट म्हणाला, "म्हाताऱ्याचं ऐकत जा. त्याच्या जंगलात पान हललं तरी त्याला कळतं."

१ जुलै

आज माझं हसं झालं. पहाटे नदीवर धूर दिसला, मी घाईघाईने कळवला. अर्ध्या तासात तो धूर नदीवरून उठला आणि टेकडी चढून निघून गेला. धुकं होतं.

"टॅमरॅक, तुझी आग चालत कुठे गेली गं? पत्ता ठेवलाय का काही?" वॉल्ट फोनवर खदखदून हसत होता, आणि मागे दोघं-तिघं.

दुपारी फोन पुन्हा वाजला. जड, सावकाश आवाज. "मी कॉपरहेडवरून मॅडॉक बोलतोय. पहिल्या वर्षी मी उगवता चंद्र आग म्हणून कळवला होता, मास्तरीणबाई. घोडे घेऊन सहा माणसं निघाली होती."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग उगाच रडूही आलं.

७ जुलै

पहिली खरी आग! वीज पडून एक सुकं झाड पेटलेलं, ब्रूस्टर खिंडीच्या खाली. मी वॉल्टला सांगण्याआधी मिस्टर मॅडॉकच लाइनवर आले. आमची एकच तार, कुणीही उचलावं.

"घाई नको," ते म्हणाले. "आधी तुम्ही सांगा. अंश सांगा, आणि आजूबाजूला काय दिसतं तेही सांगा. धुराच्या पायाशी काय आहे? खडक? कुठली झाडं?"

मी सांगितलं: खिंडीच्या डाव्या अंगाला, पांढऱ्या दरडीच्या वर, देवदारांची शेवटची रांग संपते तिथे.

जरा वेळ गेला. मग त्यांनी आपला अंश सांगितला. वॉल्टने दोऱ्या ताणल्या आणि शीळ घातली. बरोब्बर पांढऱ्या दरडीच्या वर. संध्याकाळपर्यंत माणसांनी आग विझवलीसुद्धा.

असा शिक्षक मला मिळाला असता तर! नुसता अंश नको, जागा डोळ्यांसमोर उभी करायला लावतात. आणि कोनही किती छान पडला! आमच्या दोन रेषा आगीपाशी जवळजवळ काटकोनात भेटल्या. काटकोनात छेद टाचणीच्या टोकासारखा पडतो. लघुकोन फार लहान झाला तर दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून धावतात, मग आग या डोंगरावर की पुढच्या, काही सांगता येत नाही. हे मी मिस्टर मॅडॉकना सांगितलं तर म्हणाले, "बाई, आमच्याकडे त्याला निमुळती म्हणतात. निमुळतीवर माणसं फुकट चालतात."

१३ जुलै

आज सामान आलं. खेचरं घेऊन हॉलिस मॅडॉक आला होता, मिस्टर मॅडॉकांचा मुलगा. तो या भागातल्या आग विझवणाऱ्या टोळीचा मुकादमही आहे. चाळिशीचा असेल. बोलतो कमी. पीठ, कॉफी, बटाटे, रॉकेल उतरवलं, पायऱ्यांचा एक सैल खिळा न सांगता ठोकला.

कॉफी घेताना म्हणाला, "बाप तुमचं कौतुक करतो. म्हणतो, या बाई सांगतात तेव्हा सगळं दिसतं."

"तेच शिकवतात मला," मी म्हटलं.

त्याने कपात बघितलं. "हं."

पुढच्या थांब्याला, म्हणजे वडिलांकडे, तो पांढऱ्या रंगाचा एक डबा घेऊन चालला होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, चकतीवरचे आकडे पुसट झालेत, मोठे करून रंगवतो. बापाची एवढी काळजी घेणारा मुलगा मी आमच्या गावात तरी पाहिला नाही.

जाताना बटाट्यांच्या पोत्यावर रानातल्या हकलबेरींची एक बरणी ठेवून गेला. वनखात्याच्या यादीत ती नव्हती. विशेष काही नाही, नोंद राहावी म्हणून लिहिलं.

२१ जुलै

या आठवड्यात तीन धूर, तिन्ही वेळा आमच्या दोऱ्या मी सांगितलेल्या जागेवर नेमक्या भेटल्या. तसूभरही इकडेतिकडे नाही. वॉल्ट आता मला चिडवत नाही.

मला माझा नववीचा वर्ग आठवला. दर वर्षी मी मुलांना कागदावर त्रिकोण काढून तिन्ही कोन मोजायला लावते. विशालकोन काढा, लघुकोन काढा, समद्विभुज काढा, कसाही काढा, बेरीज दोन काटकोनच येणार, एकशे ऐंशी. पण खरं मोजलं की कुणाची एकशे अठ्ठ्याहत्तर येते, कुणाची एकशे एक्क्याऐंशी. पेन्सिल जाड असते, हात हलतो. ज्याची नेमकी एकशे ऐंशी येते त्याने दोनच कोन मोजलेले असतात आणि तिसरा वजाबाकीने लिहिलेला असतो. त्या पोरांना मी लगेच ओळखते. वही न बघताच ओळखते.

आणि इथे डोंगर एवढाले, अंतरं मैलांची, आणि आमच्या दोघांच्या रेषा अशा जुळतात! मिस्टर मॅडॉकांचा हात किती स्थिर असला पाहिजे.

३० जुलै

कोरडं. गवत वाजतं. खिडक्यांच्या काचांना हात लावला तर चटका बसतो.

एक गंमत सुरू केली होती, ती फसली. ऊन कलायच्या वेळी आरसा धरला तर कॉपरहेडला लखलख दिसायला हवी. जुने टेहळे असाच एकमेकांना रामराम करायचे म्हणे. चार दिवस लखलखवते आहे, उत्तर नाही. आज फोनवर विचारलं.

"अरेच्चा, भांडी घासत होतो बघा."

"चारही दिवस?"

"एकट्या माणसाची भांडी संपत नाहीत, मास्तरीणबाई."

गंमत वाटली, थोडा रागही आला. मग त्यांनीच विचारलं, "सूर्य मावळताना आज रंग कसा होता?" मी म्हटलं, तुमच्याही खिडकीतून तोच सूर्य दिसतो ना? म्हणाले, "तरी सांगा." मी सांगितलं. तांबडा, खाली धुरकट, विडो शिखराच्या खांद्यावर जांभळी कड. बराच वेळ ते ऐकत होते. म्हातारपणी माणसाला गप्पांची भूक लागते.

४ ऑगस्ट

हॉलिस येऊन गेला. फाटक्या मोज्याने चालत होता, मी शिवून दिला. जाताना पायरीवर थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"बाई, यंदाचा हंगाम संपला की बापाला खाली आणणार आहे. कायमचा. त्याला अजून बोललो नाही."

"का? त्यांच्यासारखा टेहळ्या पुन्हा मिळणार नाही."

"तेच," तो म्हणाला. "त्याच्याकडून हे काढून घेतलं तर मागे काय राहणार? म्हणून एक हंगाम, एक हंगाम करत आलो." मग म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून यंदा बरं चाललंय."

मला वाटतं तो माझ्याबद्दलच बोलत होता. आणखी काय अर्थ असणार? दिवसभर कामात लक्ष नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी हे शोभत नाही.

९ ऑगस्ट

कोरडं वादळ. पाऊस एक थेंब नाही, विजा मात्र डोंगरांच्या सगळ्या धारांवर. मी काचेच्या पायांच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते, काचेतून वीज उतरत नाही म्हणून नियमच आहे. एक वीज मनोऱ्यावरच उतरली. निळा उजेड, आणि फोनच्या पेटीतून धूर. फोन मेला.

१० ऑगस्ट, सकाळ

पहाटेपासून फोनची पेटी उघडून बसले होते. जळालेली तार बदलली, दोन तासांनी सूर लागला. त्याआधीच मला धूर दिसला होता. एल्कहॉर्न ओढ्याच्या तळाशी, घळीत. एकच. राखाडी, खाली रुंद, वर सरळ. कळवता येत नव्हतं आणि मी पेचकस घेऊन रडकुंडीला आले होते.

फोन लागला तेव्हा वॉल्ट आणि मिस्टर मॅडॉक बोलतच होते. वॉल्टने त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी आपला अंश आधीच देऊन टाकला होता. पहिल्यांदाच माझ्याआधी.

"स्किनर धार," ते सांगत होते. "वीज तिथेच पडली. मी ऐकली. आणि धूर आहे, वास इकडेपर्यंत येतोय."

मी माझा अंश सांगितला. दोऱ्या ताणल्याचा आवाज. मग वॉल्ट म्हणाला, "टॅमरॅक, पुन्हा वाच."

पुन्हा वाचला. तोच.

"दोऱ्या भेटत नाहीत गं."

मी कागद ओढला. आमच्या दोघांना जोडणारी रेघ हा पाया. माझ्याकडचा कोन चौसष्ट. त्यांच्याकडचा एकशे एकोणीस. बेरीज एकशे त्र्याऐंशी. मी बघतच राहिले. त्रिकोणाचे तिन्ही मिळून एकशे ऐंशी, मग दोनच कोन त्याच्यावर कसे जातील? ह्या रेषा पुढे कुठेही भेटणार नाहीत. जितकं लांब जाल तितक्या एकमेकींपासून दूर.

"वॉल्ट, एका धुराला हे दोन कोन असूच शकत नाहीत. त्रिकोणच होत नाही."

"म्हणजे दोन धूर आहेत."

"मला एकच दिसतोय. स्किनर धार माझ्यासमोर उघडी आहे. तिथे काही नाही."

"मिस्टर मॅडॉक?" वॉल्टने विचारलं.

मग ते म्हणाले, "बाई चुकत असतील असं मी म्हणणार नाही. पण स्किनरवर आहे."

वॉल्टने मला ऐकवलं, "हे बघ टॅमरॅक, धुक्याला आग म्हणणारी तू. त्यांची एकतीस वर्षं झाली. हॉलिसची टोळी स्किनरच्या पायथ्याजवळच आहे, ती तिकडे जाईल. तुझ्या एल्कहॉर्नला दुसरी टोळी उद्या पाठवू."

मी म्हटलं, "आधी चकती तपासते. माझीच सरकली असेल विजेने."

तपासली. विडोच्या बंद मनोऱ्यावर फट लावली, नकाशाशी जुळली. कॉपरहेडवर लावली, जुळली. दोन्ही वेळा केसाचाही फरक नाही. तरी मला वाटत राहिलं की चूक माझीच असणार. मिस्टर मॅडॉक कसे चुकतील?

१० ऑगस्ट, दुपार

वारा वायव्येकडून सुटला. एल्कहॉर्नचा धूर आता उभा नाही, आडवा पडलाय, आणि पडलाय तो स्किनरच्या दिशेने. मधे दोन धारा आहेत.

वॉल्टला सांगितलं. विमान मागवतो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, या धुरात विमान उडत नाही.

टोळीच्या रेडिओचा आवाज घळीतून कचेरीपर्यंत पोचत नाही, माझ्या खोलीतल्या लहान रेडिओवर तुटक येतो. आत्ता आला. हॉलिस होता.

"टॅमरॅक. पायवाटेच्या फाट्यावर आहोत. तुम्हाला स्किनरवर धूर दिसतोय?"

"नाही. अजिबात नाही. एल्कहॉर्नला आहे आणि तुमच्याकडे येतोय. वर जाऊ नका."

खरखर. मला वाटलं गेला. मग: "बापाने आधी सांगितलं की तुम्ही?"

"त्यांनी. माझा फोन बंद होता."

पुन्हा खरखर. एवढा वेळ की मी दोनदा हाक मारली.

"बरं," तो म्हणाला. "पोरांना ओढ्यात थांबवतो. मी वर जाऊन बघून येतो."

"कशाला? मी सांगते ना, काही नाही!"

"तुमच्यावर विश्वास आहे, सिग्ने. पण त्याने आहे म्हटलंय. कुणीतरी बघितलं पाहिजे ना, खरं काय ते."

त्याने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. मग आवाज गेला.

त्याने असं का विचारलं, कोणी आधी सांगितलं म्हणून?

१० ऑगस्ट, ऊन कलताना

लिहिते आहे, कारण हाताला दुसरं काम नाही.

आग पहिल्या धारेवरून उडाली. पेटलेली सालं वाऱ्यावर येऊन पुढच्या धारेवर पडताना मला दुर्बिणीतून दिसतात. एक पडलं, धूर. दुसरं, धूर. दर वेळी मी अंश वाचते आणि वॉल्टला सांगते, वॉल्ट "हो" म्हणतो. अंश अचूक आहेत. त्यांचं तो काय करणार आणि मी तरी काय करणार?

रेडिओवर शंभर वेळा ओरडले. घसा बसला.

मिस्टर मॅडॉक लाइनवर आले. "मास्तरीणबाई, काय दिसतं?"

"तुम्हाला दिसत नाही का?" मी किंचाळले. "तुमच्या समोर आहे! अख्खं आभाळ काळं झालंय तुमच्या समोर!"

मग फोनमध्ये कट्ट झालं. त्यांच्या खालच्या दरीतून तार जाते, ती जळाली.

आणि तेव्हा मला कळलं. तेव्हा. जी पोरं तिसरा कोन वजाबाकीने लिहितात, त्यांना मी वही न बघता ओळखते, असं मीच लिहिलंय ना वर?

स्किनर धार दिसत नाही आता.

११ ऑगस्ट

टोळीतली पाचही माणसं ओढ्यात, पाण्यात पडून राहिली, ओली घोंगडी डोक्यावर घेऊन. जिवंत आहेत. एकाचे हात भाजलेत. हॉलिसने त्यांना बजावलं होतं, मी बघून येईपर्यंत कुणी वर पाऊल टाकायचं नाही.

तो वरच सापडला. अगदी माथ्यावर, जिथून चारी बाजू दिसतात.

वॉल्टने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज त्याचा नव्हता. मी त्याला मला उमगलेलं सगळं सांगितलं. आधी मी जागा सांगायचे, मग तीच जागा धरून ते आपला अंश सांगायचे. आरसा. पांढरा रंग. सूर्याचा रंग कसा होता.

तो म्हणाला, "दोऱ्या मी ताणत होतो. मला नाही का कळायला हवं होतं?"



१२ ऑगस्ट

पाऊस. आता पाऊस.

वॉल्टने विचारलं, "कॉपरहेडची तार जळालीय. सगळी माणसं आगीवर आहेत. म्हाताऱ्याला अजून कुणी कळवलेलं नाही. धारेवरून तूच सगळ्यांत जवळ. जाशील?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

१३ ऑगस्ट, कॉपरहेड

धारेची वाट धरून दिवसभर चालले. डाव्या हाताला सगळी दरी काळी, अधूनमधून एखादं खोड धुमसत होतं. उजव्या हाताला हिरवं, धुतलेलं.

मी त्यांच्या पायऱ्या चढत होते तेव्हा आतून आवाज आला, "हॉलिस? आलास का रे?"

मी वरच्या पायरीवर थांबले. ते खुर्चीत बसले होते, उंच, कोरडे, दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तोंड खिडकीकडे होतं, पण जळालेल्या बाजूच्या नाही, दुसऱ्याच. चकतीवर मोठाले पांढरे आकडे. माझ्याकडे वळले तेव्हा डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी लागले होते. सायीसारखा पडदा होता दोन्ही डोळ्यांवर.

"पाऊल हलकं आहे," ते म्हणाले. "मास्तरीणबाई?"

"हो."

"तुम्हाला पाठवलं." आणि मग, "म्हणजे तो नाही येणार."

मी काय बोलायचं ते वाटभर जुळवत आले होते. "नाही," एवढंच म्हटलं.

त्यांचे हात मांडीवर होते, तिथेच राहिले. मग विचारलं, "बाकीचे?"

"पाचही वाचले. त्यांनी सगळ्यांना ओढ्यात थांबवलं. एकटे वर गेले, बघायला."

"बघायला," ते म्हणाले. "हो. गेली दोन वर्षं तो माझ्या प्रत्येक आगीला आधी एकटा जायचा. मी मनात म्हणायचो, तो तपासून बघतो हे मला कळत नाही असं त्याला वाटतं, तर वाटू दे." मग त्यांनी विचारलं, "एल्कहॉर्नला होती ना?"

"हो."

"तुमचा अंश बरोबर होता."

"हो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. का सांगितलं नाहीत? एक शब्द, एकदाच! वाटभर ओरडत आले होते मनात. पण समोर ते बसले होते आणि दोन दिवसांपासून चुलीवरची कॉफी तशीच होती, हॉलिससाठी दुसरा कप काढून ठेवलेला. मी चूल पेटवली. पीठ भिजवून पोळे घातले. ते एक घास चावत राहिले, गिळलाच नाही.

मग म्हणाले, "स्किनर कशी दिसते, सांग पोरी."

मी खिडकीशी गेले. खोटं सांगता आलं असतं. म्हटलं, "काळी. टोकापर्यंत. झाडं उभी आहेत, नुसती खोडं. माथ्यावर एक खडक आहे, त्याच्यापाशी थोडा पांढरा धूर आहे अजून."

"तो खडक सपाट आहे वरून," ते म्हणाले. "हॉलिस लहान असताना तिथे आम्ही जेवायला बसायचो."

१४ ऑगस्ट

सकाळी त्यांना घेऊन उतरले. मी हात पुढे केला तर त्यांनी नाकारला. "वाट माझी आहे," म्हणाले, आणि खरंच पुढे झाले. काठीही नाही. वळण येण्याआधी वळायचे. "इथे मूळ आहे, जपून." मूळ होतं. "आता डावीकडे पाणी ऐकू येईल." आलं. "ह्या दरडीला कोपर लागतं, आत सरक." मी डोळे असून त्यांच्या मागे ठेचकाळत होते, आणि ते एखाद्या घरातून चालावं तसे चालत होते. मधे एकदा थांबून त्यांनी एका झाडाच्या सालीवर हात ठेवला, क्षणभर, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

अर्धा डोंगर असा उतरलो. मग हिरवं संपलं. एका पावलापर्यंत फर्नं होती आणि पुढच्या पावलाला राख. ते आणखी चार पावलं गेले आणि उभे राहिले.

"इथे मोठा सिडार आहे," ते म्हणाले. "त्याची सावली अंगावर यायला हवी."

ऊन सरळ त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं.

"नाही तो," मी म्हटलं.

त्यांनी पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला. राख घोट्यापर्यंत होती, वाट कुठे आणि दरी कुठे ते पायाला कळत नव्हतं. पाण्याचा आवाजही नव्हता, ओढा ओंडक्यांनी तुंबला असावा. उंच, ताठ म्हातारा माणूस, दोन्ही हात थोडे पुढे करून हवा चाचपडत होता.

मग त्यांनी हात माझ्या बाजूला केला. मी धरला. हलका होता, लाकडासारखा.

"सांगत चल," ते म्हणाले.

मी सांगत चालले. सरळ. आता ओंडका, पाय उचला. आता उतार. आता सरळ. खालच्या रस्त्यावर वॉल्टची गाडी उभी होती, वॉल्ट टोपी हातात घेऊन तिच्याबाहेर. तिथपर्यंत मी एकटीच बोलत होते.